रंग जुळवायचा ८ × ८ पट: प्रकल्प नोंदी

२ जून

पटाचे नियम पक्के केले. ८ आडव्या आणि ८ उभ्या ओळी, ६ रंगांच्या गोट्या. शेजारच्या दोन गोट्यांची अदलाबदल करायची. एका रेषेत तीन किंवा जास्त सारख्या आल्या की त्या फुटतात, वरच्या गोट्या खाली सरकतात आणि वरून नव्या येतात. काहीच जुळलं नाही तर दोन्ही गोट्या आपापल्या घरी परत. तिरकं काही नाही, हलवणंही नाही आणि जुळवणंही नाही.

नियम नवे नाहीत. १९९४ च्या 'शारिकी' या संगणकावरच्या खेळात ते होते, २००१ मध्ये 'बिज्वेल्ड'ने ८ × ८ च्या पटावर ७ रंगांनिशी ते घरोघरी नेले आणि २०१२ मध्ये 'कँडी क्रश सागा'ने त्यांना मोजक्या चाली आणि टप्पे जोडले. खेळ बनवायचा आहेच, पण त्यासोबत एक तपासणीही करायची आहे. 'नेहमी खालून खेळा', 'पाचची वाट बघा', 'हवा तो रंग शोधत राहा' असे सल्ले सगळीकडे मिळतात. त्यातला कुठला कधी खरा, ते घरं मोजून बघायचं.

आधी कागदावरचा हिशेब. पटावर शेजारच्या जोड्या ११२ (आडव्या ५६, उभ्या ५६), म्हणजे एका वेळी करता येण्यासारख्या अदलाबदली ११२. त्यातल्या किती कामाच्या? एका चालीत तीन जुळावेत अशा रचना दोनच जातीच्या आहेत. पहिलीत चार घरांच्या सरळ रेषेत एक घर चुकलेलं असतं. दुसरीत दोन घरं रेषेत आणि तिसरी गोटी एक पायरी वर किंवा खाली असते. आडव्या-उभ्या धरून या रचना पटावर ६६४ ठिकाणी बसू शकतात. ६ रंग नुसते उधळून टाकले तर त्यातल्या सरासरी १५ जागी चाल तयार असते. ५ रंगांना हा आकडा २१, ७ रंगांना साडेअकरा आणि ८ रंगांना ९ च्या आसपास येतो. काही चाली यात दोनदा मोजल्या जातात, म्हणून प्रत्यक्षात थोड्या कमी. तरी एक रंग वाढवला की खेळ किती आवळतो ते यावरून दिसतं. पट लहान केला तर आणखी आवळतो: ६ × ६ वर ६ रंगांना सरासरी ७ जागाच उरतात.

६ रंग कायम.

३ जून

सुरुवातीचा पट भरणं. नुसतं उधळलं तर फुटायला तयार असे तिघांचे गट सरासरी पावणेतीन निघतात (तीन घरांच्या रेषा ९६, प्रत्येकीत ३६ पैकी १ शक्यता). मग खेळ सुरू व्हायच्या आधीच पट आपोआप फुटत बसतो आणि खेळणाऱ्याला वाटतं, चुकून कुठेतरी हात लागला.

उपाय सोपा आहे. डावीकडून उजवीकडे, वरून खाली भरत जायचं. प्रत्येक घरी दोन गोष्टी बघायच्या: डावीकडच्या दोन गोट्या एकाच रंगाच्या आहेत का, आणि वरच्या दोन एकाच रंगाच्या आहेत का. असतील तर तो रंग यादीतून काढून उरलेल्यांतून निवडायचा. जास्तीत जास्त दोनच रंग बाद होतात, त्यामुळे तीन रंगांच्या पटावरही गाडी अडत नाही. 'जुळतंय, टाका पुसून, पुन्हा भरा' हा मार्ग वापरू नये. तो बहुतेक पट फेकून देतो आणि सुरुवातीलाच स्क्रीन अडखळते.

४ जून

जुळणी शोधणं. दिवस यातच गेला. या खेळाच्या पहिल्या आवृत्तीत हमखास सापडणाऱ्या तीन चुका इथेही सापडल्या.

पहिली, काठाची. ओळीतून जाताना रंग बदलला की मागचा गट बंद करून मोजायचा, असं लिहिलं होतं. पण ओळ संपते तिथे रंग बदलत नाही, ओळच संपते. त्यामुळे उजव्या काठाला टेकलेला तिघांचा गट फुटतच नव्हता. उभ्या ओळींत तळाशी तेच. ओळ संपल्यावर गट एकदा सक्तीने बंद करायचा.

दुसरी, ओळ ओलांडायची. ६४ घरं एका सलग यादीत ठेवली आहेत, ० ते ६३. यादीत ७ आणि ८ शेजारी आहेत, पटावर मात्र एक वरच्या ओळीच्या उजव्या टोकाला आणि दुसरं खालच्या ओळीच्या डाव्या टोकाला. त्यामुळे उजव्या काठावरची गोटी बाहेर ओढली की ती पुढच्या ओळीच्या सुरुवातीला उगवत होती. आडव्या अदलाबदलीच्या आधी आठाने भागून दोघांची ओळ एकच आहे का ते तपासायचं.

तिसरी सर्वांत चिवट: सापडलं की लगेच पुसायची घाई. इंग्रजी 'एल' (L) आकारात किंवा 'टी' (T) आकारात पाच सारख्या आल्या की आडवे तीन आधी पुसले जात आणि कोपऱ्यातली गोटी गेल्यामुळे उभे दोन तसेच राहत. पाच फुटायला हवेत, फुटले तीन. म्हणून आधी पूर्ण पट बघून फुटणाऱ्या घरांवर नुसती खूण करायची, आडव्या आणि उभ्या दोन्ही. सगळ्या खुणा झाल्यावर एकदम पुसायचं.

७ जून

खाली पडणं. उभी ओळ वरून खाली वाचत गेलं तर मध्ये भोकं राहतात: वरची गोटी एक घर खाली येते, पण तिच्याखालचं घर नंतर रिकामं होतं आणि तिला ते कळत नाही. ओळ तळापासून वाचावी. दोन बोटं धरल्यासारखं करायचं, एक वाचणारं, एक लिहिणारं. दोन्ही तळाशी सुरू. वाचणाऱ्याला गोटी दिसली की ती लिहिणाऱ्याच्या घरी ठेवायची आणि दोन्ही वर सरकवायची. रिकामं दिसलं तर फक्त वाचणारं वर. शेवटी लिहिणाऱ्या बोटापासून वरची सगळी घरं नव्या गोट्यांची.

नव्या गोट्या दिसायला पटाच्या वरून आल्या पाहिजेत. तिघीही पटाच्या अगदी वरच्या एकाच जागेवरून सोडल्या तर एकीवर एक चढलेल्या दिसतात. एक घर वर, दोन घरं वर, तीन घरं वर अशा रांगेने सोडायच्या.

दिसणं आणि हिशेब वेगळे ठेवले. पटाचा हिशेब लगेच पूर्ण होतो, गोट्या मात्र सावकाश सरकतात. उलट केलं, म्हणजे गोटी पोचल्यावर हिशेब, तर कमी ताकदीच्या फोनवर एखादी गोटी अर्ध्यात राहते आणि पुढचं सगळं चुकतं.

८ जून

वेळा ठरवल्या: अदलाबदल १८० मिलिसेकंद, परत जाणंही तेवढंच, फुटणं २००, पडणं घरामागे ७०. साखळी चालू असताना बोट लागलं तर चाल घ्यायची नाही. आधी घेत होतो आणि पडत्या गोटीवर बोट ठेवून भलत्याच घराची अदलाबदल होत होती.

१० जून

पट अडकलाय का, ते ओळखणं. ११२ अदलाबदली एकेक करून बघायच्या. जुळलं तर 'चाल आहे' म्हणून थांबायचं. संगणकाला हे काहीच नाही.

ही तपासणी बरोबर चालते का, हे बघायला पक्का अडकलेला पट हवा. तो हाताने बनवता येतो, तोही तीनच रंगांत:

ल न ह ल न ह ल न
न ह ल न ह ल न ह
ह ल न ह ल न ह ल
आणि खाली हेच परत.

लाल, निळा, हिरवा यांचे तिरके पट्टे. यात कुठल्याही आडव्या किंवा उभ्या ओळीत दोन घरांच्या आत सारखा रंग भेटत नाही. तिघे जुळवायला, आणलेली गोटी सोडून उरलेल्या दोघी आधीच एका रेषेत दोन घरांच्या आत असाव्या लागतात. त्या नाहीत, म्हणून चालही नाही. 'रंग कमी म्हणजे पट अडकणार नाही' हा समज इथेच मोडतो. कमी रंगांत अडकण्याची शक्यता कमी होते, संपत नाही.

अडकला की गोट्या पिसायच्या. शेवटच्या घरापासून मागे येत प्रत्येक घराची त्याच्यासकट आधीच्या कुठल्याही घराशी अदलाबदल, एकूण ६३ वेळा. मग दोन प्रश्न: आपोआप फुटणारं काही तयार झालं का, आणि निदान एक चाल आहे का. पिसताना खास गोट्या जागच्या जागी ठेवायच्या. मेहनतीने कोपऱ्यात बसवलेली गोटी पिसण्यात भलतीकडे गेली की खेळणारा खेळ बंद करतो, आणि त्याचं चुकत नाही.

१३ जून

रंग. लाल आणि हिरवा ज्यांना सारखे दिसतात त्यांच्यासाठी प्रत्येक रंगाला स्वतःचा आकार दिला: लाल चौकोन, हिरवा त्रिकोण, निळा गोल, पिवळी चांदणी, जांभळा षट्कोन, पांढरा थेंब. आधी पांढऱ्याच्या जागी नारिंगी होता. रात्रीचा पिवळसर प्रकाश लावलेल्या स्क्रीनवर तो कधी लालात तर कधी पिवळ्यात मिसळत होता. काढला.

तपासणीची युक्ती: पटाचा स्क्रीनशॉट घेऊन तो काळा-पांढरा करायचा. ज्या दोन गोट्या सारख्याच करड्या दिसतील त्यांच्यापैकी एक उजळ करायची, एक गडद. निळा आणि जांभळा इथे पहिल्या फेरीत नापास झाले. आकारांनी घराचा साधारण सारखाच भाग व्यापला पाहिजे. चांदणी बारीक काढली तर पिवळ्या गोट्या डोळ्यांतून निसटतात आणि खेळणारे नकळत पिवळ्या चाली कमी खेळतात.

१४ जून

आता खेळायचा भाग. साखळी, म्हणजे एका फुटण्यातून आपोआप दुसरं फुटणं, नशिबाची समजली जाते. वरून येणाऱ्या गोट्या नशिबाच्या आहेत, हे खरं. पण पटावर आधीच असलेल्या गोट्यांतून जी साखळी होते ती वाचता येते, आणि ती वाचायला पूर्ण पट बघावा लागत नाही.

आडवे तीन फुटले की त्यांच्यावरचे तीन उभे तुकडे एक घर खाली येतात. तुकड्याच्या आतलं नातं बदलत नाही. शेजारी होते ते शेजारीच राहतात. नातं बदलतं ते फक्त शिवणीवर: तुकड्याची डावी कड, उजवी कड आणि तळ. तेवढ्याच तीन जागा बघायच्या. उभे तीन फुटले तर एकच उभी ओळ तीन घरं खाली येते, तिच्या दोन्ही कडा नव्या होतात आणि तळाशी वरच्या-खालच्या गोट्यांची गाठ पडते.

छोट्या ५ × ५ पटावर (ल लाल, न निळा, ह हिरवा, प पिवळा, ज जांभळा):

ह प ज ल ह
प ह ल प ज
ज प न न ह
न ल ह ल न
प ज ल ज प

इथे निदान दोन चाली दिसतात. वरची: तिसऱ्या ओळीच्या उजव्या टोकाचा ह आणि त्याच्या खालचा न यांची अदलाबदल, तिसऱ्या ओळीत न न न. खालची: चौथ्या ओळीच्या मधल्या ह खालचा ल वर घ्यायचा, चौथ्या ओळीत ल ल ल.

नवखा बहुतेक वरची आधी घेतो, कारण नजर वरून सुरू होते. मग खालची. दोन चाली, दोन जुळण्या.

खालची आधी घेतली तर? चौथ्या ओळीतले तीन ल गेले, मधल्या तिन्ही उभ्या ओळी एक घर खाली आल्या:

ह _ _ _ ह
प प ज ल ज
ज ह ल प ह
न प न न न
प ज ह ज प

तिसऱ्या ओळीतले दोन न एक पायरी उतरले आणि उजव्या शिवणीवर थांबलेल्या न ला जाऊन मिळाले. वरची चाल फुकटात झाली. ते तीन गेल्यावर आधीच्या गोट्यांचा पट असा उरतो (वरच्या _ घरांत नव्या गोट्या):

ह _ _ _ _
प प _ _ ह
ज ह ज ल ज
न प ल प ह
प ज ह ज प

चाली उलट क्रमाने, एकेक खेळून बघितल्या. शेवटचा पट अगदी हाच येतो, फक्त एक चाल जास्त खर्च होते. शिवाय दुसऱ्या ओळीत डावीकडे प प तयार आहेत. त्यांच्या शेजारच्या घरात उतरणारी नवी गोटी पिवळी निघाली, पाचात एक शक्यता, तर तेही फुटतात.

वहीत लिहून ठेवायचा नियम: जोडी तयार आहे, तिचा सोबती शेजारच्या उभ्या ओळीत एक पायरी खाली आहे, तर ती जोडी हाताने जुळवू नये. जोडीच्या खाली, सोबत्याची ओळ सोडून, काही आडवं फोडता येतं का ते आधी बघावं. सोबती एक पायरी वर असेल तर उलट: सोबत्याच्या उभ्या ओळीखाली फोडायचं, जोडीच्या ओळींना धक्का लावायचा नाही. सोबती तीन पायऱ्या वर असेल तर त्याच्याखाली उभे तीन.

१७ जून

'नेहमी खालून खेळा' याची मोजणी. अगदी तळाच्या ओळीत आडवे तीन फोडले तर २१ गोट्या एक घर सरकतात आणि दोन्ही कडांवर मिळून १४ जागी नवे शेजारी भेटतात. अगदी वरच्या ओळीत फोडले तर एकही जुनी गोटी हलत नाही, फक्त तीन नव्या येतात. उभ्या ओळीच्या तळाचे तीन फोडले तर ५ गोट्या तीन घरं सरकतात, नवे शेजारी १० जागी.

म्हणजे खालून खेळणं म्हणजे पट ढवळणं. चाली कमी दिसत असतील, हातात तयार काही नसेल, तर ढवळणं चांगलं. पण चार-पाच गोट्यांची रचना अर्धी बसवून ठेवली असेल तर त्याच्याखाली आडवं फोडणं म्हणजे आपल्याच हाताने ती उसवणं; तुकड्यातली एखादी उभी ओळ खाली जाते, उरलेली तिथेच राहते. अशा वेळी वरून खेळावं. वरची चाल जुनं काही बिघडवत नाही आणि नव्या गोट्या आणून देते. सल्ला खोटा नाही, अर्धा आहे.

१९ जून

खास गोट्या टाकल्या. सरळ चार जुळले की आख्खी ओळ फोडणारी, 'एल' किंवा 'टी' आकाराला भोवतालची नऊ घरं उडवणारी, सरळ पाचला एका रंगाच्या सगळ्या गोट्या गोळा करणारी.

चारची चाल कशी दिसते: ल ल _ ल किंवा ल _ ल ल, आणि चौथा ल त्या _ म्हणजे परक्या रंगाच्या घराच्या बरोबर वर किंवा खाली. इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे ल ल _ ल दिसल्यावर टोकाचा ल आत ओढणं. तीन जुळतात, समाधान होतं, वर थांबलेला चौथा वाया जातो. सवय अशी लावायची: सरळ रेषेत फट दिसली की बोट उचलण्याआधी फटीच्या वर आणि खाली बघायचं.

अशा जागा पटावर २८०. ६ रंगांच्या उधळलेल्या पटावर तयार चार सरासरी एक निघतो. म्हणजे बहुतेक वेळा तो कुठेतरी असतोच, फक्त दिसायला हवा.

सरळ पाचचं तसं नाही. ल ल _ ल ल ही एकच मांडणी चालते, फट मधोमधच (दुसरीकडे असेल तर तीन आधीच सलग येऊन फुटून जातात), आणि पाचवा फटीच्या वर किंवा खाली. अशा जागा ११२, आणि तयार पाच सापडण्याची सरासरी ०.०७. साधारण चौदा पटांत एक. म्हणून 'पाचची वाट बघा' हा सल्ला टाकाऊ आहे. पाच वाट बघून मिळत नाही, बांधावा लागतो: फटीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोनच्या जोड्या बसवायच्या, आणि फटीतला परका रंग चुकूनही फुटू द्यायचा नाही, नाहीतर वरची गोटी वेळेआधी आत पडते आणि तीन-चारवरच काम संपतं. बांधायला तीन-चार चाली लागणार असतील आणि हातात दहाच उरल्या असतील तर बांधू नये.

खास गोटी कुठल्या घरात उगवणार? खेळणाऱ्याने जी गोटी हलवून जुळवलं तिच्या घरात. पण साखळीत कोणी काही हलवलेलं नसतं. तिथे आमचा कोड पहिलं सापडलेलं घर घेत होता आणि खास गोटी कायम डाव्या टोकाला उगवत होती. आता गटाच्या मधल्या घरात, चारच्या गटात मधल्या दोघांपैकी डाव्या.

२२ जून

टप्प्यांची ध्येयं. पहिला मसुदा: '३० चालींत ४० लाल गोळा करा'. ऐकायला सोपं. ३० चालींत कमीत कमी ९० गोट्या फुटतात, ४० लाल त्यात आरामात बसतात. पण लाल येणार कुठून?

६४ घरांच्या पटावर सुरुवातीला लाल सरासरी पावणेअकरा. त्यानंतर फुटलेल्या प्रत्येक ६ गोट्यांमागे वरून १ लाल येतो. ४० लाल मिळायला २९ च्या वर लाल नव्याने यावे लागतात, म्हणजे एकूण साधारण १७६ गोट्या फुटल्या पाहिजेत, तेही पटावर एकही लाल वापराविना न राहता. ३० चालींना चालीमागे जवळजवळ ६. साध्या तीन-तीनच्या चालींनी हे होणारच नाही. ५ रंगांवर तोच हिशेब १३६ वर येतो, चालीमागे साडेचार.

ध्येय ६ रंगांना २२ लालवर आणलं. त्याला साधारण ६८ गोट्या पुरतात, म्हणजे ३० चालींत चुकायलाही जागा राहते.

खेळणाऱ्याच्या बाजूने यातून निघतं ते सवयीच्या उलट आहे. लाल हवे असतील तर पहिल्या अर्ध्यात लाल शोधत बसू नये. जी चाल जास्त गोट्या फोडते ती खेळावी, रंग कुठलाही असो, कारण लाल वरूनच येणार आणि वर जागा झाल्याशिवाय येणार नाहीत. पटावर लाल साचले की मग ते उचलावेत. फक्त लालच्याच चाली खेळणारा पहिल्या दोन-तीन चालींत पुढे असतो, मग पटावर लाल चार-पाचच उरतात आणि तेही चार कोपऱ्यांत. तिथून तो हलत नाही.

२४ जून

अडथळे: न हलणारी, शेजारी जुळणी झाली की तुटणारी पेटी; आणि गोटीखालची काच, जी त्याच घरात जुळणी झाली की जाते.

काच कोपऱ्यात ठेवू नये असं नाही, पण ती काय भाव खाते ते माहीत असावं. पटाच्या मधलं घर तीन-तीनच्या ६ रेषांत येतं. कडेच्या मधलं ४, कोपऱ्याला लागून असलेलं ३, आणि कोपरा फक्त २. कोपऱ्यातली काच मधल्या काचेपेक्षा तिप्पट अडून बसते. खेळताना कोपऱ्यांची चाल दिसली की ती आधी घ्यावी, मधली काच येता-जाता फुटते. ओळ फोडणारी गोटी कडेच्या ओळीत नेऊन ठेवली तर एका फटक्यात दोन कोपरे जातात. तिचा याहून चांगला उपयोग काचेच्या टप्प्यात नाही.

पेटीचं वेगळं. पेटीखाली गोट्या पडत नाहीत, तिची उभी ओळ खाली उपाशी राहते. आधी कोड पेटीलाही गोटी समजून खाली सरकवत होता. आता प्रत्येक उभी ओळ पेटीशी तोडून तुकड्या-तुकड्याने भरली जाते आणि पेटीखालच्या तुकड्यात नवी गोटी येत नाही. म्हणून पेट्या असतील तर वरून खाली फोडत यायचं.

२६ जून

'खेळ मुद्दाम हवा तो रंग देत नाही' अशी शंका चाचणीत दोनदा आली. नव्या गोट्या निव्वळ यादृच्छिक आहेत, सहा रंगांना सारखी संधी. सलग तीन नव्या गोट्या एकाच रंगाच्या येणं ३६ त एकदा. मागच्या दहांत लाल आला नाही म्हणून पुढची लाल असण्याची शक्यता वाढत नाही.

शंका मिटवायला प्रत्येक डावाला एक क्रमांक दिला. तोच क्रमांक आणि त्याच चाली दिल्या की तोच डाव पुन्हा तसाच होतो. चुका पकडायलाही हेच कामी आलं: 'मघाशी काहीतरी झालं' याऐवजी क्रमांक आणि चालींची यादी येते. एकच पथ्य: गोट्यांसाठीचे यादृच्छिक आकडे वेगळे ठेवायचे. फुटताना उडणाऱ्या ठिणग्यांनाही त्याच रांगेतून आकडे दिले तर जलद आणि संथ फोनवर डाव वेगळे होतात. झाले होते.

उत्तम चालींचा क्रम आपोआप शोधणारा भाग वगळला. येणाऱ्या सगळ्या गोट्या आधीच माहीत आहेत असं धरलं तरी या जातीच्या खेळात तो प्रश्न फार अवघड गटात मोडतो, हे २०१४ मध्ये सिद्ध झालं आहे. दोन चाली पुढचं बघणं पुरे.

२८ जून

इशारा. पाच सेकंद काहीच हालचाल नसेल तर एक चाल थरथरून दाखवायची. १० जूनची अडकल्याची तपासणीच इथे वापरली होती, आणि तिथेच घोटाळा. ती तपासणी वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू होते आणि पहिली चाल सापडली की थांबते. म्हणून इशारा जवळजवळ नेहमी वरच्या ओळींतला, तीनचाच. इशाऱ्यामागे जाणारा खेळणारा पट न ढवळता वरवर खरवडत राहतो, आणि खाली तयार असलेला चार त्याला कधी दिसत नाही.

बदल: ११२ च्या ११२ अदलाबदली बघायच्या, प्रत्येकीने जुन्याच गोट्यांवर साखळीसकट किती गोट्या फुटतात ते मोजायचं, नव्या गोट्या धरायच्या नाहीत. सर्वांत जास्तवाली न दाखवता तीनपेक्षा जास्त फोडणाऱ्यांतली कुठलीही एक दाखवायची. एकही नसेल तर सर्वांत खालची. १४ जूनच्या छोट्या पटावर चालवून बघितलं. आता तो तळाचा ल थरथरतो.

राहिलेलं: दोन खास गोट्या एकमेकींशी बदलल्या तर काय, आणि आवाज.